जुन्या घाटातले चार किलोमीटर

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या सोमवारी सकाळी उज्वलाची गाडी कशेडीच्या जुन्या घाटात बंद पडली. नुसती थांबली असती तर गोष्ट वेगळी. आधी पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज आला, मग एक जोराचा आचका बसला आणि गाडी वळणावरच निपचित झाली. चावी पुन्हा फिरवली तर आतून नुसतं 'टक्' वाजलं. शेजारी बसलेल्या राजश्री मॅडमनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता. गाडी थांबली तरी बराच वेळ त्यांनी तो सोडला नाही.

घाटाखालचा नवा बोगदा सुरू झाल्यापासून जुन्या रस्त्याला वाहनं कमीच. उज्वलाची शाळा मात्र त्या रस्त्यापासून थोडं आत असलेल्या एका वाडीत, त्यामुळे बोगद्याचं तिला काही कौतुक नव्हतं. महाडहून पोलादपूरपर्यंत एसटी, तिथून मिळेल ती शेअरची मॅजिक गाडी आणि शेवटी दीड किलोमीटर पायी, अशी सोळा वर्षं तिने काढली होती. दोन वर्षांपूर्वी, पंचेचाळिसाव्या वर्षी, ती गाडी शिकली. नवरा नागसेन महाडलाच सरकारी कचेरीत कारकून. सेकंडहँड गाडी त्यानेच शोधून आणली, पण 'घाट तुझ्याच्याने व्हायचा नाही' हे पालुपद सहा महिने चालू ठेवलं. उज्वलाने घाट जमवला. आता राजश्री मॅडम पोलादपूरला तिच्या गाडीत बसायच्या आणि शाळेत येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या तांबे मॅडम गाडी अशी नेतात, पोटातलं पाणी हलत नाही."

उज्वलाने नागसेनला फोन केला. "तू काही करू नकोस, मी मालोजीला पाठवतो," एवढंच तो म्हणाला.

मालोजी हा नाते गावचा. महाडबाहेर नाते रस्त्याला त्याचं गॅरेज होतं आणि बंद पडलेल्या गाड्या ओढायला मागे हूक लावलेली एक जुनी जीप. पावसाळ्यात घाटात दरडी आल्या, गाड्या चिखलात रुतल्या की पहिला फोन मालोजीला जायचा. तासाभरात तो आला. रस्त्यावर गोणपाट टाकून गाडीखाली सरकला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तेव्हा बोटं काळी होती आणि तोंड उतरलेलं.

"बाई, इंजिनात तेलाचा थेंब नाय," तो म्हणाला. कठड्यावर बसला, बोटं पुसत राहिला. "हे माझ्याकडनं झालं."

दोनच दिवसांपूर्वी, शनिवारी, त्याने गाडीची सर्व्हिसिंग केली होती. जुनं तेल काढलं, नवीन भरलं, पण तेल काढायचा खालचा बोल्ट पुरता आवळला नाही. मध्येच कुणाचा तरी फोन आला, बोलून परत आला तो दुसऱ्याच कामाला लागला. बोल्ट रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल होत गेला आणि महाड ते कशेडी तेल ठिबकत गेलं. हे त्याने कुणी न विचारता सांगितलं. राजश्री मॅडम नंतर म्हणाल्या, "असा माणूस मी बघितला नाही, मॅडम. दुसरा असता तर गाडीच भंगार होती म्हणाला असता."

दुपारी गॅरेजात नागसेन आला, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. मालोजीने पुन्हा सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग तो उज्वलाकडे वळला. आवाजात आरोप नव्हता. डॉक्टर ताप कधीपासून आहे विचारतात, तसं विचारलं.

"बाई, तेलाचा लाल दिवा लागला व्हता काय, समोर?"

नागसेन तिच्याकडे बघत होता.

"नाही," उज्वला म्हणाली. "म्हणजे... मी तरी नाही बघितला."

"नाय बघितला," मालोजीने मान हलवली. "मग वायर गेली आसंल. बघतो."

दिवा लागला होता. पोलादपूर सोडून घाट सुरू झाला आणि दुसऱ्या वळणावर तो लुकलुकला, पुढच्या चढाला ठसठशीत लागला तो गेलाच नाही. त्याचा अर्थ उज्वलाला पुरता ठाऊक होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी तिच्याकडून घोकून घेतलं होतं, बाकी कुठलाही दिवा लागला तर घरी जाऊन बघा, हा लागला की आहात तिथे गाडी बंद करा. राजश्री मॅडमनीही विचारलं होतं, "मॅडम, हा किटलीसारखा लाल दिवा कसला हो?" आणि उज्वला म्हणाली होती, "लागतो कधीकधी चढाला."

थांबायचं म्हणजे नागसेनला फोन करायचा. फोन केला की तो म्हणणार, 'सांगितलं होतं ना तुला.' शेजारी राजश्री मॅडम ते ऐकणार. शाळा पाच किलोमीटरवर होती. पोचू आणि मग बघू, असं तिने ठरवलं, किंवा ठरवलंही नाही, पाय उचललाच नाही. पुढच्या चार किलोमीटरांत इंजिन गेलं.

बुधवारी मालोजीने इंजिन खोलून मांडलं होतं. ताडपत्रीवर एकेक भाग ओळीने ठेवलेला. क्रँक, म्हणजे आतला मुख्य दांडा, ओरबाडला होता, बेरिंगं वितळून त्याला चिकटली होती, सिलिंडरलाही खोल चरे गेले होते. मालोजीने नागसेनला तीन वाटा सांगितल्या. हेच इंजिन दुरुस्त करायचं, क्रँक घासून घ्यायला चिपळूणला लेथवर पाठवायचा, बेरिंगं-पिस्टन नवीन टाकायचे, साठ हजारांच्या घरात जाईल. नाहीतर मुंबईहून भंगारातल्या गाडीचं जुनं इंजिन आणायचं, ते चाळीसपर्यंत बसेल, पण त्याची हमी कुणी द्यायची? आणि कागदावरचा इंजिन नंबर बदलायला आरटीओच्या चकरा. तिसरी वाट नवीन इंजिन. सव्वा लाखाच्या वर.

"विम्याचं मी विचारलंय," नागसेन म्हणाला. "अपघात नाही म्हणून ते हात लावत नाहीत. तेव्हा नवीनच बसवायचं, पावतीसकट. माझी चालती गाडी मी तुमच्याकडे दिली होती, मला चालती गाडी पाहिजे. दुरुस्त केलेली नको."

मालोजीने ताडपत्रीवरचा एक नट उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

"खरं ना माझं?"

"खरं हाय, भाऊसाहेब. पन सव्वा लाख म्हंजे..."

"पण काय? चूक तुमची आहे हे तुम्हीच म्हणालात ना? की आता लोकांत सांगताना वेगळं सांगणार?" नागसेनचा आवाज चढला. शेजारच्या पंक्चरवाल्याने मान वर केली. "तुम्हा लोकांच्या हातून व्हायचं आणि आम्ही भरायचं, हे पिढ्यान् पिढ्या झालं. आता नाही. लिहून द्या."

उज्वला तिथेच उभी होती. मालोजीची नजर क्षणभर तिच्यावर आली आणि खाली ताडपत्रीकडे गेली. नागसेनने बॅगेतून कागद काढला, तारीख टाकली, नवीन इंजिनाचा सर्व खर्च मालोजी करेल असं दोन वाक्यांत लिहिलं. मालोजीने हात पुसून सही केली.

नागसेन भांडखोर माणूस नव्हता. कचेरीत लोक त्याच्याकडे मुद्दाम येत, कारण तो कुणाचा कागद अडवत नसे. पण दासगावला त्याच्या लहानपणी एक गोष्ट घडली होती, ती उज्वलाने लग्नानंतर इतक्यांदा ऐकली होती की आपण डोळ्यांनी बघितली असं तिला वाटे. त्याच्या वडिलांनी, महादूने, भात आणायला मालोजीच्याच समाजातल्या एका जमीनदाराची बैलगाडी नेली. चाक आधीच तडकलेलं होतं हे अख्ख्या गावाला माहीत. ते मोडलं. महादू एक शब्द न काढता त्या चाकापायी पुढचा पावसाळाभर जमीनदाराच्या शेतात फुकट राबला. "आपली बाजू खरी असून बापाने मान खाली घातली," नागसेन म्हणायचा. "मी नऊ वर्षांचा होतो. चिखलणीच्या वेळी त्याला भाकरी मी न्यायचो." म्हणून बाजू खरी असली की नागसेन एक पाऊल मागे येत नसे. आणि या वेळी त्याची बाजू खरी होती, असं तो समजत होता.

उज्वलाला आता बसवेना की उभं राहवेना. सकाळी सहाची एसटी पकडायची म्हणून ती पाचलाच तयार होऊन खुर्चीत बसे. शाळेत हजेरी घेताना एकच नाव दोनदा पुकारलं तेव्हा मुलं हसली. पोषण आहाराचा भात शिजतो आहे का बघायला गेली आणि बघून न बघितल्यासारखी परत आली. रोज ती स्वतःशी हिशेब मांडायची. बोल्ट तिने सैल ठेवला होता का? नाही. मग मूळ चूक कुणाची? मालोजीची. तो तर कबूलच आहे. इथपर्यंत ठीक वाटायचं. मग एसटी पोलादपूरच्या पुलावरून जायची, समोर घाट दिसायचा, आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

दुसऱ्या आठवड्यात राजश्री मॅडम डबा खाताना सहज म्हणाल्या, "मॅडम, तो दिवा लागत होता ते मेकॅनिकला सांगितलंत का? त्याला काहीतरी अंदाज येईल."

"सांगितलं," उज्वला म्हणाली. हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा ते सोपं गेलं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

त्याच दिवशी संध्याकाळी ती पोलादपूरच्या स्टँडवर उतरली, तर रस्त्याच्या कडेला मालोजीची जीप उभी. पुढच्या काचेवर वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत 'विकणे आहे' आणि खाली नंबर. पांढऱ्या शर्टातला एक माणूस वाकून टायर बघत होता. बघून झाल्यावर तो मालोजीशी चार शब्द बोलला आणि मोटारसायकलवरून निघून गेला. उज्वला जागच्या जागी उभी राहिली. महाडची एसटी लागली, भरली, सुटली. ती चढली नाही.

मालोजीनेच तिला बघितलं. "बाई, गाडी चुकली काय? बसा, मी महाडलाच चाललोय."

"दादा, जीप विकताय?"

"जुनी झाली. तेल खाते लई."

"आणि पावसाळ्यात? घाटातनं गाड्या कशाने ओढणार?"

"पावसाळा लांब हाय. बघू." तो हसला, पण ओठांतल्या ओठांत. "चहा घेता काय?"

टपरीवर ते उभे राहिले. उज्वलाने चहाचा ग्लास घेतला आणि तसाच फळीवर ठेवला.

"दादा, तो दिवा लागला होता."

मालोजीने घोट घेतला. "म्हाईत हाय."

"काय?"

"बुधवारी सकाळीच कळलं. दिव्याचं समदं तपासलं मी. वायर चांगली, सेन्सर चांगला, बल्ब चांगला. दिवा लागल्याबिगर ऱ्हाणार नाय."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? ते एवढं बोलत होते तुम्हाला, सगळ्यांसमोर."

"काय बोलू? भाऊसाहेबांच्या समोर तुम्हाला खोटं पाडू? आन् त्यांना काय वाटलं असतं? मेकॅनिक अंगावर आलं ते बाईमानसावर ढकलतोय. बोल्ट तर माझाच ढिला व्हता. त्यो आवळलेला असता तर दिवा लागायचं कारन काय?" तो ग्लासातला चहा हलवत राहिला. "पन खोटं कशाला बोलू, बाई. चीड आली मला. लई आली. दिवा लागला तिथं थांबला असता तर तीन लिटर तेल आन् एक बोल्ट, एवढ्यावर भागलं असतं. मी तिथं येऊन अर्ध्या तासात तुम्हाला शाळंत धाडलं असतं. दोन दिवस घरात नीट बोललो नाय कुनाशी. बायको म्हनली, तुम्हाला झालंय काय?"

उज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पदराने टिपलं नाही, तसंच येऊ दिलं.

"तो माणूस काय म्हणाला?"

"खेडचा हाय. उद्या दुपारी पैसे घेऊन येतो म्हनलाय."

"त्याला थांबवा. मी आज घरी सांगते."

मालोजीने तिच्याकडे बघितलं. विश्वास ठेवावा की नाही हे ठरवत असावा. "सांगा. पन माझी सही हाय त्या कागदावर. उद्या अकरापर्यंत तुमचा फोन नाय आला तर मी येवहार करनार. दिलेला शब्द मला अर्ध्यात टाकायचा नाय."

मालोजीने तिला महाडला घराच्या कोपऱ्यावर सोडलं.

घरी नागसेन ओट्यापाशी ओले बोंबील साफ करत होता. मासळी तोच आणायचा आणि तोच करायचा. उज्वलाने आणलेली मासळी त्याला कधी ताजी वाटत नसे. "आज उशीर?" त्याने मान न वळवता विचारलं.

"दिवा लागला होता," उज्वला म्हणाली. पिशवी अजून खांद्यावरच होती. "घाटात. तेलाचा. मी बघितला होता. राजश्री मॅडमनी पण बघितला. मी गाडी थांबवली नाही."

सुरी थांबली नाही. एका बोंबलाचं डोकं उडालं, मग दुसऱ्याचं.

"कुठून लागला?"

"दुसऱ्या वळणापासून."

"म्हणजे चार किलोमीटर."

"हो."

"आणि मालोजी?"

"त्याला बुधवारीच कळलं. तुम्ही कागद लिहिला त्याच्या आधी."

आता सुरी थांबली. "त्याला माहीत होतं? आणि मी एवढं बोलत होतो तेव्हा तो नुसता उभा होता?"

"हो."

नागसेनने नळाखाली हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले, चपला घातल्या आणि बाहेर गेला. उज्वलाने उरलेले बोंबील साफ केले, मीठ-हळद लावून ठेवले, भात लावला. दर दोन मिनिटांनी ती खिडकीशी जात होती. चवदार तळ्याच्या बाजूला तो पाठीमागे हात बांधून चालताना तिला एकदा दिसला, मग दिसेनासा झाला.

तो परतला तेव्हा जेवायची वेळ झाली होती. पाटावर बसला, पण ताटाला हात लावला नाही.

"का?" त्याने विचारलं.

"तुम्ही म्हणाला असता, सांगितलं होतं ना तुला."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

"म्हणालो असतो," तो म्हणाला. "नक्की म्हणालो असतो." मग आवाज न चढवता, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "पण मी त्याला जे बोललो, ते तुझ्या जिवावर बोललो, उज्वला. मला वाटलं या खेपेला एकदा तरी आपण शंभर टक्के खरे आहोत. तू मला तिथे उभं केलंस आणि बाजूला बघत राहिलीस."

तिने भाताची वाटी त्याच्याकडे सरकवली. त्याने ती घेतली नाही, आणि उठून गेला.

सकाळी ती फोन उचलणार तोच तो म्हणाला, "फोन नको. जाऊन येऊ." शाळेला तिने रजा कळवली. रिक्षात तो एका कडेला बसला, ती दुसऱ्या.

गॅरेज नुकतंच उघडत होतं. नागसेनने तो कागद काढून बाकड्यावर ठेवला. "हा रद्द," तो म्हणाला. "नवीन इंजिन नको. आहे ते दुरुस्त करा. खर्चातले दोन वाटे आमचे, एक तुमचा."

"असं कसं?" मालोजी म्हणाला. "बोल्ट माझा व्हता. दोन वाटे माझे."

"चार किलोमीटर आमचे होते."

"ते झाले बोल्टामुळं."

"मालोजी, मला शिकवू नका."

दोघेही चिडले. आठ-दहा दिवसांपूर्वी याच जागी एक जण मागत होता आणि दुसरा देत होता. आता दोघांनाही जास्त द्यायचं होतं आणि कुणी हटेना. शेवटी उज्वला मध्ये पडली. "सुट्या भागांचा आणि लेथचा खर्च अर्धा अर्धा. दादांची मजुरी दादा सोडतील. आणि आमचा अर्धा माझ्या पगारातून जाईल, घरातून नाही. शिक्षकांच्या पतपेढीतून मी कर्ज काढते."

"घरातून का नाही?" नागसेनने विचारलं.

"नाही. माझ्या पगारातून."

मालोजीने आधी मान डोलावली, मग नागसेनने. कारकूनच तो, त्याने दुसरा कोरा कागद घेतलाच. पण या वेळी पेन उज्वलाच्या हातात दिलं. "तू लिही. काय झालं ते आधी लिही, मग वाटणी." तिने लिहिलं. दिवा लागला असताना मी गाडी चालवत राहिले, हे वाक्य लिहायला तिला बाकी सगळ्या कागदापेक्षा जास्त वेळ लागला. अक्षर तिचंच होतं, फळ्यावरचं असावं तसं गोल, पण ओळ कागदावर चढत गेली.

मालोजीने खेडच्या माणसाला फोन करून व्यवहार मोडल्याचं सांगितलं. पलीकडून शिव्या आल्या असाव्यात; तो "व्हय, व्हय, चुकलं" म्हणत राहिला.

निघताना नागसेन म्हणाला, "त्या दिवशी मी जरा चढ्या आवाजात बोललो."

"चालायचं," मालोजी म्हणाला. ते म्हणताना तो पाना शोधत होता आणि त्याने वर बघितलं नाही.

क्रँक चिपळूणहून यायला बारा दिवस लागले, बेरिंगं एकदा चुकीच्या मापाची आली, ती परत पाठवली. उज्वला पुन्हा एसटी आणि मॅजिकने जाऊ लागली. राजश्री मॅडमना तिने एका दुपारी खरं काय ते सांगून टाकलं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मी विचारलं तेव्हाच थांबायला हवं होतं ना?" त्यानंतर तिच्या ड्रायव्हिंगचं कौतुक त्यांनी शाळेत कुणाला ऐकवलं नाही. घरात नागसेन कामापुरता बोलायचा. गॅस संपलाय. मुलीचा फोन आला होता. पाणी उद्या येणार नाही. उज्वला एक भांडं घासून झालं तरी पुन्हा घासत राही.

डिसेंबरच्या मध्याला गाडी हातात आली. मालोजीने बजावलं होतं, पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही, ताण द्यायचा नाही, आणि पाचशे झाले की मला आवाज ऐकवायचा. घाटात मागून येणारे दुचाकीवाले हॉर्न वाजवत, हातवारे करत पुढे निघून जायचे. उज्वला जात राहिली.

पाचशे झाले तो रविवार होता. गॅरेज बंद, म्हणून मालोजीने घरीच बोलावलं, नाते गावी. उज्वला किल्ली घेऊन निघाली तेव्हा नागसेन शर्ट घालून दारात उभा होता. "मी पण येतो," म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला.

मालोजीच्या अंगणात भाताचा पेंढा रचलेला होता आणि त्याची आई, बनुबाई, उन्हात बसून पावटे सोलत होती. मालोजीने बॉनेट उघडलं, गाडी चालू ठेवायला सांगितली, डोळे मिटून ऐकलं. "ब्येस," तो म्हणाला. "हजाराला तेल बदलू."

नागसेन त्याच्याजवळ गेला. उज्वला स्टिअरिंगवरच होती. इंजिन चालू होतं तरी तिला ऐकू आलं.

"मी त्या दिवशी 'तुम्हा लोकांच्या' असं म्हणालो. ते तुमच्या वाट्याचं नव्हतं."

मालोजीने बॉनेट लावलं.

"माझ्या वाट्याचं नव्हतं," तो म्हणाला. "पन भाऊसाहेब, ते ऐकून मला राग आला तितका राग यायला नको व्हता. का आला त्याचा इचार करतोय मी अजून."

नागसेनने मान हलवली. बनुबाईने घरातल्या कुणाला तरी चहा ठेवायला हाक मारली आणि सोललेले पावटे एका पिशवीत भरू लागली. "घेऊन जा गो बाय," ती उज्वलाला म्हणाली, "घरच्या मळ्यातले हायत."

चहा झाला. मग मालोजीने मागे कधीतरी सांगितलेल्या सातबाऱ्यावरच्या चुकीबद्दल नागसेनने विचारलं, मालोजी आतून कागद घेऊन आला, आणि दोघं पायरीवर बसून त्यात डोकं घालून बसले.

परतताना उन्हं उतरली होती. महिन्याभरात पहिल्यांदा नागसेन आपणहून बोलत होता, कचेरीतल्या कुणाची तरी बदली, तिथे येणारा नवीन माणूस. उज्वला 'हं' म्हणत होती. तिचा एक कान त्याच्याकडे होता आणि दुसरा इंजिनाकडे. पुढे चढ लागला. तिने गिअर उतरवला, आणि चढ संपेपर्यंत श्वास धरून ठेवला.

"ऐकतेस ना?" नागसेनने विचारलं.

"ऐकतेय," ती म्हणाली.